चावी काढली तरी चालणारी गाडी

सिक्कीमच्या पोस्टिंगला मी वर्कशॉपचा हवालदार होतो, गाड्यांचा मेकॅनिक. वरच्या पोस्टला रेशन नेणारा आमचा एक डिझेल पिकअप होता. त्याचा ड्रायव्हर लान्स नायक आंतोन, उत्तनजवळच्या तारोडीचा. समुद्रकाठचा माणूस त्या बर्फात जाऊन पडलेला. थंडीला शिव्या द्यायचा आणि जेवताना सुक्या बोंबलांची आठवण काढून आम्हा सगळ्यांना छळायचा. मला तो फार आवडायचा.

त्या गाडीचा टर्बो शिट्टी मारायचा. टर्बो म्हणजे एका दांड्यावर बसवलेले दोन पंखे. इंजिनाच्या धुरावर एक फिरतो, दुसरा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. दांडा तेलावर तरंगत असतो. बारीक शिट्टी वाजली तर घाबरण्याचं कारण नसतं.

पोस्टवरची माणसं ती शिट्टी ऐकून चहा ठेवायची. गाडी दिसायच्या कितीतरी आधी आवाज पोचायचा. रेशन, टपाल, रजेवरून परतलेला सोबती, सगळं त्या आवाजाबरोबर यायचं. आंतोन म्हणायचा, ही माझ्यापेक्षा बरं गाते. ते खरंही होतं.

थंडी संपत आली तेव्हा आवाज बदलला. शिट्टीचा सायरन झाला, रडका, चढत जाणारा. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की खालून खरखर यायची. मी पाइप काढून पंख्याला बोट लावलं. तो डुगडुगत होता. गाडी ऑफ रोड केली, म्हणजे चालवायला बंद ठरवली, काचेवर खडूनं तसं लिहिलं आणि नवीन टर्बोची मागणी पाठवली.

दुसऱ्याच सकाळी वरून वायरलेस आला. एका जवानाला श्वास लागला होता, त्याला तातडीनं खाली आणायचं होतं. ढगांमुळे हेलिकॉप्टर येणार नव्हतं आणि युनिटची दुसरी गाडी दरडीपलीकडे अडकली होती. कॅप्टन साहेब स्वतः वर्कशॉपमध्ये आले.

“हवालदार, ये जाएगी?”

“जाएगी, सर. लौटेगी, इसकी गारंटी नहीं.”

त्यांनी आंतोनकडे पाहिलं. आंतोननं काचेवरचा खडू बाहीनं पुसला. मी त्याला नीट समजावलं. दांडा तुटला तर तेल सरळ इंजिनात जाईल, आणि डिझेल इंजिन स्वतःचंच तेल जाळत सुटेल. चावी फक्त डिझेल बंद करते, तेल नाही. तो म्हणाला, कळलं. आणि निघाला.

वर तो व्यवस्थित पोचला. पेशंटला घेऊन उतरताना त्याचा आवाज वायरलेस सेटवर आला.

“गाडी बंद होत नाहीये. चावी काढलीय. ओव्हर.”

त्याच्या मागे इंजिन किंचाळत होतं. मी सांगितलं, न्यूट्रल कर, ब्रेक दाब, पेशंटला उतरव. पेशंट आणि सोबतचा जवान उतरलेत, तो म्हणाला. पण बर्फाच्या उतारावर हँडब्रेक धरत नव्हता आणि खालच्याच वळणावर रस्त्याचे मजूर काम करत होते. त्यांना हटवायला त्यानं जवानाला पळवलं होतं. चाकाला दगड लावायला कुणी उरलं नव्हतं.

“आंतोन, तू उतर.”

“ते हटले की उतरतो. ओव्हर.”

मजूर हटले. त्याच वेळी इंजिन फुटलं, केबिन पेटली आणि गाडी आंतोनसकट सरकत दरीत गेली. पेशंट वाचला. आंतोनच्या घरी गेलेल्या कागदावर ‘वाहन अपघात’ एवढंच होतं.

निवृत्तीनंतर मी मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये राहतो. दरवर्षी आंतोनच्या स्मृतीच्या चर्चमधल्या मिस्साला तारोडीला जातो. त्याची आई फिलोमिना मावशी मला जेवल्याशिवाय सोडत नाही. धाकटा भाऊ जेरी मासळीचा पिकअप चालवतो.

यंदा दुपारी आम्ही पडवीत बसलो होतो. बोलता बोलता मावशी थांबली, कान दिला आणि उठून भात वाढू लागली. रस्त्यावर अजून काही दिसत नव्हतं.

“जेरी आला,” ती म्हणाली. “शिट्टी आयकली का मी वाढते.”

ती शिट्टी नव्हती. तो तोच रडका, चढत जाणारा सायरन होता.

अंगणात येऊन जेरीनं चावी फिरवली. इंजिन लगेच थांबलं नाही. चावी त्याच्या हातात होती आणि ते फडफडत होतं. मग निळा धूर सोडून गप्प झालं.

टर्बो जायला आलाय, गाडी काढू नको, असं मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. त्यानं हसण्यावारी नेलं. पार मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीतल्या बायका हा आवाज ऐकून मासळी घ्यायला खाली येतात, म्हणाला. जेवून लगेच उतारानं भाईंदरला खेप न्यायची होती. टर्बो बघू पुढच्या महिन्यात.

मावशी मागे येऊन उभी होती.

“आंतोनची पन अशीच वाजायची?”

“हो, मावशी.”

मग मी सगळं सांगितलं. सेटवरचं त्याचं शेवटचं वाक्यसुद्धा. जेरीचं हसू गेलं होतं.

“त्याला ठावं व्हतं? बंद व्हनार न्हाय म्हनून?”

“ठाऊक होतं. निघतानाच मी सांगितलं होतं.”

जेरीनं चावी मावशीपुढे धरली. तिनं ती घेतली नाही.

“चावीनं काय व्हतंय,” ती म्हणाली. “चाकाला दगड लाव.”

जेरीनं चारही चाकांना दगड लावले. मासळी दुसऱ्याच्या गाडीतून गेली. नवीन टर्बो बसेपर्यंत मावशीनं ते दगड कुणाला हलवू दिले नाहीत.

आता ती गाडी शिट्टी मारत नाही. वळणावर जेरी दोनदा हॉर्न वाजवतो. पण मावशी त्यावर ताट वाढत नाही. दारात येऊन उभी राहते, जेरी चावी काढतो ते बघते. इंजिन पुरतं थांबलं, की आंतोनचं नाव घेते आणि मग आत जाते.