अडीच सूत

सॅमसन अंकलना मी आठ वर्षं खोट्यात ठेवलं, आणि मागच्या आठवड्यात ते गेले.

बेर्शेबाच्या हॉस्पिटलमध्ये, झोपेत. आज शिव्हाचे, म्हणजे शोकाचे, सात दिवस पूर्ण झाले.

"फार चांगला माणूस" असं या ग्रुपवर सगळे लिहितायत. होतेच. पण मला दुसरंच काहीतरी लिहायचंय.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट, नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी ठाण्याहून इस्रायलला नवीन आलेली, हिब्रू कच्चं, पंप बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनला टेम्पररी. सहा महिन्यांत पर्मनंट, नाहीतर घरी.

शेजारच्या टेबलावर सॅमसन अंकल. तरुणपणी मुंबईत ड्रॉइंग बोर्डावर घडलेले ड्राफ्ट्समन. अख्ख्या ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

त्याच वर्षी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये भोकं पाडायचं नवीन टूल आलं.

तोवर आधी वर्तुळ काढा, मग कापा, मग बोल्टच्या आट्यांचं वेगळं बघा. आता नुसता ठिपका ठेवायचा, प्रकार आणि साईज निवडायची, क्लिक. भोक आट्यांसकट तयार.

अंकल जाम खूश. "कंपास फिरवून बोटं झिजली माझी. आन ही बया एका टिचकीत चाळीस भोकं मारते, बघ."

पण तोंडात माप अजून मुंबईच्या वर्कशॉपचं. सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

आठ एमएमला ते अडीच सूत म्हणायचे. तिकडे सगळेच म्हणतात. खरं अडीच सूत आठ एमएमपेक्षा केसभर कमी भरतं, पण बोलताना कोण बघतं.

एका सकाळी म्हणाले, "रेबेका, त्या पंपाच्या झाकणाला अडीच सुताची भोकं मार ग बाय. आट्यांची."

मला बरोबर कळलं. आठ एमएम.

पण आदल्या दिवशी मी एका अमेरिकन गिऱ्हाइकाचं काम इंचात केलं होतं, आणि ते टूल शेवटचं माप धरून बसतं. तिथे कालचं पाच-सोळांश इंच तसंच होतं. मोजून अडीच सूत.

मी न बघता क्लिक करत गेले. पडद्यावर दोन्ही भोकं सारखीच दिसतात.

झाकणं बनून आली. आठ एमएमचा बोल्ट आत शिरला, दोन आटे फिरला आणि अडकला. एकेका झाकणात तेच. सगळा लॉट भंगारात.

मॅनेजर अवीनं आम्हाला दोघांना बोलावलं. फाईल माझी होती. मी तोंड उघडायच्या आत अंकल हिब्रूत म्हणाले, "मी तिला तोंडी इंचाचं माप सांगितलं. जुनी सवय. तिनं फक्त माझं ऐकलं."

ते मला वाचवत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

मी गप्प बसले.

त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये ते म्हणाले, "माझ्या जिभेपायी तुझी नोकरी जात होती, बाय. मनात ठेवू नको हां."

मी म्हणाले, "जाऊ दे, अंकल. होतं असं."

म्हणजे माझ्या चुकीबद्दल मी त्यांना माफ केलं.

मी पर्मनंट झाले. त्यांना डिझाइनमधून काढून जुनी कागदी ड्रॉइंग्ज स्कॅन करायला बसवलं. रिटायर होईपर्यंत तेच.

सूत हा शब्द त्यांच्या तोंडून मी परत ऐकला नाही. काही सांगायचं झालं की, "आठ एमएम, रेबेका. एमएम." दोनदा म्हणायचे.

सांगायचं कितीदा ठरवलं. आधी नोकरीची भीती होती. नंतर, इतकी वर्षं का सांगितलं नाही, याची लाज. हॉस्पिटलमध्येही गेले होते. मोसंबी सोलून दिली आणि परत आले.

काल त्यांच्या बायकोला, फ्लोरा आंटींना, सांगितलं. खाली गादीवर बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "पडद्याचं कापड घ्यायला गेलो ना, तर दुकानात हे गप. माप मला सांगायला लावायचे. म्हणायचे, फ्लोरा, तूच सांग, माझ्या तोंडाचा भरवसा नाय."

मी रडायला लागले. त्या रडल्या नाहीत.

"मला काय सांगतेस आता? दोन गल्ल्या सोडून राहत होतो आम्ही."

 

आज सकाळी हे सगळं हिब्रूत लिहून अवीला पाठवलं. मी अजून त्याच कंपनीत आहे, पाच जणांची टीम माझ्या हाताखाली आहे. काय व्हायचं ते होवो. मुंबईकडून आलेले आमचे जुने लोक हा ग्रुप वाचतात, म्हणून इथेही लिहिलं.

सॅमसन अंकल, तुम्ही बरोबर सांगितलं होतं.

मी बरोबर ऐकलं होतं.

भोकं मी चुकीची पाडली.

शालोम, अंकल.