मुका कॅमेरा

खांद्यानं दगा दिला म्हणून मी कॅमेरा बदलला. अमरावतीत वीस वर्षं लग्नाचे फोटो काढले, गळ्यात तो जडशीळ कॅमेरा आणि त्याला हातभर लांब झूम लेन्स. डॉक्टर म्हणाले, ओझं सोडा, नाहीतर धंदाच सोडावा लागेल. मग मुकाट्यानं छोटा, हलका मिररलेस कॅमेरा घेतला, सोबत दोन बोटभर प्राइम लेन्स. त्यांना झूम नसतो. माणूस जवळ हवा असेल तर आपणच उठून जवळ जायचं. माझ्यासारख्या आळशाच्या ते जिवावर आलं, पण झाली सवय.

मला त्याची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तो मुका करता यायचा. ऐन मंगलाष्टकांत माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या कटकटीवरून भटजींनी भर मांडवात माझी अब्रू काढली होती. म्हटलं, घ्या आता. पहिल्याच दिवशी आवाज बंद केला तो कायमचा.

आई अकोल्याला मोठ्या भावाकडे असायची. शुगरनं तिचे डोळे गेले होते. दर रविवारी मी बसनं जायचो आणि तिचे फोटो काढायचो. जुना कॅमेरा होता तेव्हा ती खाटेवर ताठ बसायची, श्वास धरून ठेवायची आणि कट्ट वाजलं की विचारायची, "बरोबर आला का रे?"

"तुहा कधी बिघडला का?" मी म्हणायचो. त्यावर ती खूश.

नव्या कॅमेऱ्यानं मी तिच्या अगदी पुढ्यात बसून, बोलता बोलता फोटो काढायला लागलो. तिला अवघडून बसावं लागत नाही याचं मला केवढं कौतुक! स्वतःचीच पाठ थोपटून घ्यायचो. फोटो काढतोय हे तिला सांगायचं मात्र डोक्यातच आलं नाही.

उन्हाळ्यात आई गेली. तेरवीला हार घालायला फोटो हवा होता, म्हणून मी वहिनीपुढे लॅपटॉप उघडला. नव्या कॅमेऱ्याचे शे-दीडशे फोटो निघाले. वहिनी पाहतच राहिल्या.

"भाऊजी, हे कवा काढले तुमी?"

"दर रविवारी. तुम्ही आत सैपाकात असायच्या तेव्हा."

त्यांनी पदर डोळ्याला लावला. "त्यायले तं वाटे, तुमी फोटो काढनं सोडलं. मले म्हनत, 'कावून नाई काढत आता तो? इतकी वंगाळ दिसतो का मी?' मी म्हटलं, इचारा ना त्यायले. तं म्हने, 'नको, लेकराले वाईट वाटन.'"

मग हळूहळू बाकीचं बोलल्या. रविवारी सकाळी आई त्यांच्याकडून वेणी घालून घ्यायची, धुतलेलं लुगडं मागायची. बरेच रविवार असे गेले. मग एका रविवारी म्हणाली, राहू दे.

मी फोटो पहिल्यापासून ओळीनं पाहिले. आधीच्या सगळ्यांत चापून वेणी, स्वच्छ लुगडं, तोंड माझ्याकडे. दिवाळीनंतर एका रविवारपासून केस विस्कटलेले, अंगावर रोजचं विटकं लुगडं, मान खाली. तेव्हा मला वाटलं होतं, वहिनी लक्ष देत नाहीत. तसं मी त्यांना तोंडावर बोललोही होतो, चांगलं तडकून. त्या बाईनं उलटून एक शब्द काढला नव्हता.

मी हात जोडले. "जाऊ द्या, भाऊजी," म्हणाल्या.

कसं जाऊ देऊ? दर रविवारी मी तिच्या पुढ्यात बसून फोटो काढत होतो. आणि माझी आई, लेकाला आपल्याकडे पाहवत नाही, असं समजत होती. तेच समजून गेली.