तेरा नंबरची मुलगी

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर हातात पेन क्वचितच आलं, पेट्या बांधायची सुतळीच जास्त आली. ही वही माझ्या साड्यांखाली राहणार आहे. तरी कुणाला सापडलीच, तर चुकांसाठी आधीच माफी मागते.

मी फळबाजारात पेट्या भरते. आमचे हे तिथंच माथाडी. आम्ही साताऱ्याकडचे, घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहतो. मुलगी शाळेपासून बास्केटबॉल खेळायची, पुढं परीक्षा देऊन पंच झाली. आठवडाभर महाप्याला ऑफिस आणि रविवारी गळ्यात शिट्टी.

मला चारचौघांत जायची भीड वाटते, म्हणून मी तिची एकही मॅच बघितली नव्हती. गेल्या हिवाळ्यात वाशीला मुलींची फायनल होती, तेव्हा तीच म्हणाली, "आई, एकदा तरी ये. कोपऱ्यात बस, कुणाशी बोलू नको."

मी गेले. एका बाजूला वाशीच्या मुली, दुसऱ्या बाजूला जासईच्या. मॅच सुरू व्हायच्या आधी वाशीच्या मुलींचे सर माझ्या मुलीजवळ आले, तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. तिनं मान हलवली. मला ते आवडलं नाही. आमच्या बाजारात पेट्यांचा आकडा उघड्या बोटांनी दाखवतात, पण भाव ठरतो रुमालाखाली, हातात हात घालून. जे झाकून चालतं त्यात पैसा असतो, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

माझ्या शेजारी जासईची एक बाई बसली होती. तिची मुलगी तेरा नंबरची, सगळ्यांत चपळ. त्या बाईनंच मला सांगितलं की पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर, आणि तिच्या मुलीचे चार झालेत. फाऊल कुणाचा ते पंच टेबलावरच्या लोकांना हातांनी दाखवतो. बंद मूठ म्हणजे दहा, दुसऱ्या हाताची बोटं म्हणजे वरचे. बोटं वाचणं हे माझं रोजचंच काम, मला लगेच समजलं.

शेवटची दोन मिनिटं राहिली होती. आमच्या अगदी समोर दोन-तीन मुली एकदम उडाल्या. जासईच्या बारा नंबरनं समोरच्या मुलीच्या हातावर मारलं. मी बघितलं. माझ्या मुलीनं शिट्टी वाजवली, टेबलाकडं धावली आणि मूठ दाखवून तीन बोटं वर केली.

तेरा.

ती पोरगी रडतच बाहेर गेली. जासई एका गुणानं हरली.

शेजारची बाई माझा हात धरून म्हणाली, "तू बगितलंस ना गो? माजे पोरीनं हात नाय लावला. बारा नंबर होती ती."

त्या बाईला माहीत नव्हतं की पंच माझीच मुलगी आहे. मी म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं."

जासईच्या सरांनी तक्रार केली. तक्रार करायची तर आधी तीन हजार भरायचे. ती खरी ठरली तर परत मिळतात, नाही तर गेले. त्यांनी स्वतःच्या खिशातून भरले. स्पर्धा भरवणाऱ्या मोठ्या लोकांनी माझ्या मुलीला बोलावलं, फाऊल लिहिलेला कागद पुढं केला, विचारलं, "तेराच ना?" ती कागदाकडं बघत राहिली, मग म्हणाली, "हो. तेराच."

तीन हजार गेले.

लहानपणी शाळा सुटली की ही पोर गाळ्यावर माझ्याजवळ बसायची. लांबच्या हमालानं किती बोटं केली ते माझ्याआधी सांगायची. ती चुकेल कशी? घरी ह्यांना सांगितलं, तर भाकरी मोडता मोडता म्हणाले, "फुकाट कानात कोण बोलतंय? इचार तिला, पेटीमागं किती सुटले."

"गप बसा, ऐकंल ती."

"ऐकू दे की."

मी विचारलं नाही. नुसती नजर ठेवली. तिनं नवीन चप्पल घेतली तर पैसे कुठून आले, फोन आला तर बाहेर जाऊन का बोलते. तिच्याशी बोलणं कमी झालं. ती पण घुम्यासारखी राहायची.

मग उलटंच दिसायला लागलं. पगारातले घरात द्यायचे पैसे ती दरमहा पाचशे कमी द्यायला लागली. विचारलं तर म्हणायची, "खर्च झाले गं." आणि पगारानंतरच्या रविवारी सकाळी तयार होऊन बाहेर पडायची.

"मॅचला चाललीस?"

"हं."

शिट्टी मात्र दाराजवळच्या खिळ्याला लटकलेली असायची. आता मला वेगळाच संशय. हिनं पैसे घेतले, हे कुणाला तरी कळलंय आणि तो माणूस हिच्याकडून उकळतोय.

पाच महिने असे गेले. एकदा ती अंघोळीला गेल्यावर मी तिची बॅग उघडली. आत घडी घातलेला कागद होता. एकेक अक्षर लावून वाचला. 'पाचशे मिळाले', खाली सही. असं पाच वेळा. वर गावाचं नाव, जासई.

ती बाहेर आली तेव्हा कागद माझ्या हातात होता. केसांचं पाणी तसंच गळत होतं.

"आई, माझी बॅग तपासतेस?"

"त्या सरांनी तुझ्या कानात काय सांगितलं होतं? किती दिले?"

 ती मटकन खाली बसली. "एवढे महिने तुला हे वाटत होतं?"

मी कागद तिच्यापुढं ठेवला.

"ते म्हणाले, मॅडम, तेरा नंबरवर लक्ष ठेवा, ती समोरच्यांना हात मारते. बस, एवढंच. पण मग मॅचभर मला तीच दिसत राहिली. मुली उडाल्या, हात लागला, मला वाटलं तीच असणार. तिचा हात मी बघितलाच नव्हता, आई."

"मग हो का म्हणालीस?"

"सगळे माझ्याकडं बघत होते. कागदावर तेरा लिहिलेलं होतं. मला आठवत नाही, असं पंचानं म्हणायचं कसं?"

नंतर तिनं कुणीतरी फोनवर काढलेली मॅच बघितली, तेव्हा बारा नंबर स्पष्ट दिसली. तिनं त्या मोठ्या लोकांना आपली चूक लिहून दिली. निकाल बदलणार नाही आणि भरलेले पैसे परत मिळणार नाहीत, असं उत्तर आलं. त्यानंतर तिला मॅचला बोलावणं बंद झालं. जासईच्या सरांचं नुकसान ती स्वतःच भरून देत होती. ते नको म्हणत होते, हिनंच ऐकलं नाही.

तिला तेरा नंबर जशी दिसली, तशीच मला ती दिसत होती. हे मी तिला बोलले नाही. तिचे केस पुसून दिले, तिनं पुसू दिले.

सहाव्या वेळी मी म्हणाले, मी येते. वाटेत माझ्या मजुरीतली पाचशेची नोट तिच्या हातात दिली.

"तुझे कशाला?"

"मी पण त्या दिवशी खोटं बोलले होते. शेजारच्या बाईशी."

जासईच्या मैदानावर ती बाई मुलीला घ्यायला आली होती. मला ओळखून म्हणाली, "तू त्या दिवशीची ना गो? इकडं कशी?"

मी म्हणाले, "ही पंच माझी मुलगी. बारा नंबरच होती. मी बघितलं होतं."

तिनं मुलीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "तवाच बोलायचं व्हतंस." तिचं खरं होतं. ती मुलीला घेऊन निघून गेली, मागं वळली नाही.

सरांनी नोट घेतली, कागदावर शेवटची ओळ लिहिली आणि सही केली. मुलगी कागद घडी घालून ठेवायला लागली. मी म्हणाले, "दे इकडं." तिथंच उभी राहून बोट ठेवून वाचलं. 'तीन हजार पूर्ण मिळाले, बाकी काही नाही.'