खिशात टाचलेला रंग

हां, तर टाचणी त्या नव्याकोऱ्या घराच्या कोपऱ्यावर उभा होता, एक डोळा मिटून. एकदा समोरच्या भिंतीकडे बघायचा, एकदा बाजूच्या. सुपरवायझरबाई किल्ली हातात घेऊन ताटकळली होती आणि त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्या किल्लीकडे बघत होत्या. काल गोष्ट इथंवर आली, मला जेवायला हाक आली आणि घर राहिलं बाहेरच.

काल नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. टाचणी हा माझा गावच्या शाळेतला सोबती, धंद्यानं शिंपी. शाळेत असताना गुरुजींनी फळ्यावर रेघ मारली की हा बसल्या जागेवरून सांगायचा, वाकडी आहे. मार मिळायचा, आणि रेघ वाकडीच असायची. पुढं शिवणाच्या मशीनवर बसला आणि ओठांत टाचण्या धरून बोलायची सवय लागली, म्हणून नाव पडलं टाचणी. त्यामुळं त्याचं बोलणं तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून बाहेर पडतं, टाचण्या नसल्या तरी. एकदा दातांच्या डॉक्टरनं आ करा म्हटलं, तर यानं आधी दोन टाचण्या काढून त्याच्या तळहातावर ठेवल्या.

नवरा-बायको दुकानाच्या मागच्या खोलीत राहायचे. इस्त्रीचं टेबल तेच जेवायचं टेबल. कितीदा तरी घास तोंडात आणि दारावर थाप. वहिनी मला एकदा म्हणाल्या होत्या, "भावजी, मला एकच दार पाहिजे. ज्यावर थाप मारून कुणी 'पँट झाली का' असं विचारणार नाही." त्या दारासाठी बाईनं अख्खा जन्म काटकसर केली होती.

तर शहराच्या कडेला एकसारख्या घरांची रांग उभी राहणार होती, त्यातलं एक यांनी घ्यायचं ठरवलं. बांधकाम सुरू व्हायच्या आधी ऑफिसशेजारी नमुन्याचं एक घर बांधून ठेवलं होतं. येणारे लोक आत शिरायचे, नळ सोडून बघायचे, कपाटं उघडायचे. टाचणी आत गेलाच नाही. बाहेरची भिंत म्हणजे घराचा कोट, म्हणे, अस्तर काय, नंतरही बदलता येतं. त्यानं पिशवीतून चिंध्यांचं गाठोडं काढलं आणि एकेक चिंधी भिंतीला लावत सुटला. शेवटी एक बिस्किटी रंगाची अशी जुळली, की भिंतीवर ठेवली तर दिसेना. ती त्यानं दुकानात घालायच्या शर्टाच्या खिशात, आतल्या बाजूनं, टाचणीनं पक्की केली. हरवायला नको.

मी म्हटलं, अधूनमधून येऊन ताडून बघत जा. तो म्हणाला, एकदा माप घेतलं की गिऱ्हाइकाला पुन्हा बोलवायचं नाही, नाहीतर आपल्या मापावर आपलाच भरवसा नाही असं होतं. त्यानंतर स्वतःचं घर बांधून होईपर्यंत तो त्या नमुन्याच्या घराकडे फिरकला नाही.

आता या कोपऱ्यावर. समोरची भिंत एका छटेची, बाजूची तिच्याहून थोडी गडद. माझ्या डोळ्यांना दोन्ही बिस्किटंच. पण टाचणी म्हणाला, "बाई, एकाच कोटाला दोन ताग्यांचं कापड लावलंय तुम्ही."

सुपरवायझरबाई सरळ मनाची. तिनं कबूल केलं की रंग मधेच संपला, पुढचे डबे दुसऱ्या खेपेचे आले. बाजूची भिंत समोरच्यासारखी करून देते म्हणाली. कुणीही शहाणा माणूस इथं हो म्हणाला असता. वहिनींनी मान हलवलीसुद्धा. पण यानं खिशातून चिंधी काढली, समोरच्या भिंतीला लावली आणि 'च् च्' केलं. ती भिंतही चिंधीपेक्षा गडद. बाई म्हणाली, काका, ऊन लागलं की उतरेल थोडा. टाचणी म्हणाला, उतरणारा रंग मी गिऱ्हाइकालाही देत नाही.

मग बाईनं तिच्या मालकांना फोन लावला. मालकांचा निरोप चोख होता. तुमच्या चिंधीसारखं सगळं घर रंगवून देतो, पण एकदाच. त्या दिवशी किल्ली घेतली तर घर तुमचं, नाही घेतली तर रांगेतल्या पुढच्या माणसाचं.

वहिनी परत दुकानामागच्या खोलीत आल्या. भांडी आधीच बांधून ठेवली होती, त्यातलं एक पातेलं सोडवून त्यांनी चहा केला, तोही आदळआपट करत. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं की मित्राला समजवा. मी गेलो. म्हटलं, अरे, घरात राहायचं असतं, बाहेर उभं राहून बघत बसायचं नसतं. टाचण्यांच्या आडून उत्तर आलं, मग तू गळ्याला कॉलर कशाला लावतोस, आतून दिसते का? मी चहा पिऊन परत आलो.

रंगाच्या दुकानानं चिंधीवरून हुबेहूब रंग बनवला. किल्लीच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. टाचणीनं घराला प्रदक्षिणा घातली. मागच्या खिडकीखाली रंगाचा एक ओघळ सापडला, तो त्यानं मोठ्या मनानं माफ केला. आता किल्लीसाठी हात पुढं करणार, तेवढ्यात शेजारचे घरमालक, निवृत्त बस ड्रायव्हर, झाडांना पाणी घालता घालता म्हणाले, "मास्तर, तुमचंच घर तेवढं फिकं का? आजारी-बिजारी आहे की काय?"

टाचणी म्हणाला, चूक तुमच्या घरात आहे, माझं नमुन्याबरहुकूम आहे. ड्रायव्हर म्हणाले, चला बघू. निघाली वरात. नमुन्याच्या घरापाशी पोचल्यावर टाचणीनं ऐटीत चिंधी भिंतीला लावली. लांबूनसुद्धा दिसली. नमुन्याची भिंत गडद. टाचणीची समोरची भिंत पहिल्यांदा होती, अगदी तशी.

वहिनींनी चिंधी हातात घेतली, उलटसुलट केली, नाकाला लावली.

"अहो, ही शर्टाच्या खिशात आतून टाचलेली असते तीच ना? ही तर मी शर्टाबरोबर दरवेळी धुतेय. कडक उन्हात वाळत घालतेय. मला वाटलं, असेल काहीतरी धंद्यातलं."

मी हसून हसून पायरीवर बसलो. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, कापड आधी धुऊन आणा, पहिल्या धुण्यात रंग जातो, असं बजावणारा हा माणूस. आणि स्वतःच्या घराचा रंग धुण्यात टाकून बसला. रोज बघणाऱ्याला उतरलेला रंग दिसत नाही, हेच खरं.

पण वहिनी हसत नव्हत्या. सुपरवायझरबाईनं हळूच विचारलं, काका, मालकांनी एकदाच म्हटलंय, घर घेताय की नाही? माझं हसू तिथंच थांबलं. एका काजाचा दोरा जाड आला म्हणून शिवून झालेला कोट रात्रीत उसवणारा हा गडी. नमुन्याशी जुळत नाही म्हणाला असता, तर किल्ली पुढच्याच्या हातात आणि वहिनी परत इस्त्रीच्या टेबलाशी. घेतो म्हणाला असता, तर ड्रायव्हरसाहेब रोज सकाळी झाडांना पाणी घालताना घराच्या तब्येतीची चौकशी करणार.

टाचणीनं बायकोकडे बघितलं. मग चिंधी घेतली, शर्टाच्या खिशात जागच्या जागी टाचली, हात पुढं केला, आणि तोंडाच्या कोपऱ्यातून म्हणाला, "आमचं घर धुऊन आलंय, बाई. बाकीच्यांची अजून कोरी आहेत, त्यांची काळजी करा. आणा ती किल्ली, आणि हिच्या हातात द्या."