आत्याची ऐसपैस चूक

आमचं आडनाव आणि आमच्या गावाचं नाव एकच. त्यामुळे आडनाव ही आमच्याकडे निव्वळ जागा अडवणारी वस्तू आहे. बस थांब्यावर तेच, पाण्याच्या टाकीवर तेच, शाळेच्या कमानीवर तेच आणि आत बसलेल्या प्रत्येकाच्या वहीवरही तेच. बाहेरून बदली होऊन आलेल्या नव्या बाईंनी पहिल्याच दिवशी ते आडनाव घेऊन "उभं राहा" म्हटलं, तर अख्खा वर्ग उभा राहिला. खिडकीबाहेरचा शिपाईसुद्धा बादली खाली ठेवून ताठ झाला.

मग माणसं ओळखायची कशावरून? चुकीवरून. घरातल्या कुणी चारचौघांत घोळ घातला, की त्या घोळाचं नाव घराला चिकटतं आणि पुढच्या पिढ्या ते मुकाट वागवतात. एका घराला 'उलटा कोट' म्हणतात, कारण त्यांचे काका उलटा कोट घालून नोकरीच्या मुलाखतीला गेले आणि साहेबांनी सांगितल्यावर "अशीच फॅशन आहे" म्हणाले. सलूनवाल्या काकांचं घर 'अर्धीमिशी'. त्यांच्या वडिलांना दाढी करताना डुलकी लागली होती. कुणाला काय नाव द्यायचं, हेही त्याच सलूनमध्ये ठरतं. काका गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा टेकवतात आणि गोड आवाजात विचारतात, "काय, पटतंय ना?" आजवर कुणाला न पटल्याचं ऐकिवात नाही.

आमचं घर 'वीतभर'. आजोबा शिंपी. त्यांनी एका नवरदेवाच्या कापडावर खडूनं आडनाव लिहिलं आणि बाजूला ठेवलं. शेजारी सातवीतल्या एका पोराचं कापड होतं, त्यावरही अर्थातच तेच आडनाव. नवरदेव लग्नात उभा राहिला तेव्हा त्याची पँट वीतभर आखूड होती आणि मोजे सगळ्या वऱ्हाडानं पाहिले. सातवीतल्या पोरानं काही तक्रार केली नाही, तो त्या पँटमध्ये पुढं कॉलेजपर्यंत वाढला.

आत्या आजोबांची मुलगी आणि त्यांच्याच मशीनवर शिवणारी. तिच्या हातून कधी काही आखूड झालं नाही. होणारच कसं? या नावाच्या धसक्यानं ती सगळंच लांब कापते. मानेभोवती टेप, तोंडात टाचण्या, त्यामुळे ओठांच्या एका कोपऱ्यातून बोलते. निवृत्त पोस्टमास्तर बाह्या कोपरापर्यंत गुंडाळून तक्रार करायला आले, तर टाचण्यांमधून म्हणाली, "अशू दे हो, वाढत्या अंगाला होईल."

एवढं करूनही लोक कापड देताना म्हणायचेच, "माप नीट घे गं बाई, तुमचं घराणं माहितीय!"

यंदा आत्यानं बस थांब्याजवळ स्वतःचं दुकान घ्यायचं ठरवलं. गाळा ठरला, शाळेच्या स्नेहसंमेलनानंतरच्या सोमवारी उघडायचं हेही ठरलं. अडलं ते पाटीवर. आडनाव लिहावं, तर त्याच आडनावाचे दोन शिंपी त्याच रस्त्यावर बसलेले. 'वीतभर टेलर्स' लिहावं, तर कापड घेऊन कोण येणार? पेंटर रोज विचारून जायचा आणि पाटी कोरीच राहायची.

"वहिनी, मला नवीन नाव हवंय," ती माझ्या आईला म्हणाली.

"मग लग्न कर."

"इथल्याशी केलं तर आडनाव तेच राहील आणि वर त्याच्या घराचा घोळ गळ्यात पडेल!"

शेवटी ती थेट सलूनमध्ये गेली. काका कुणाच्या तरी गालाला फेस फासत होते.

"दादा, आमचं नाव बदलून द्या."

"नाव काय दुकानात मिळतं, ताई?" काकांनी ब्रश हवेतच थांबवला. "घोळ घाला. जुन्यापेक्षा मोठा. जुना घोळ झाकला गेला पाहिजे."

"कुठलाही चालेल?"

"चारचौघांत हवा. घरात घातलेला आम्ही धरत नाही."

आत्या विचार करत घरी आली. नुसता घोळ घालून भागणार नव्हतं. घोळातून निघणारं नाव धंद्याला शोभायला हवं होतं. रात्री जेवताना तिनं जाहीर केलं, "ऐसपैस! ऐसपैस टेलर्स. कसं वाटतं?"

बाबांनी घास खाली ठेवला. "अगं, पण ऐसपैस चूक करायची म्हणजे काय करायचं?"

"ते माझ्यावर सोड, दादा."

पहिला प्रयत्न तिनं बँकेतल्या कॅशियरच्या सदऱ्यावर केला. सदरा इतका रुंद शिवला, की पंख्याखाली बसल्यावर तो शिडासारखा फुगायचा. कॅशियर पोट सुटलेला. तो खूश! म्हणाला, "पहिल्यांदा कुणीतरी मापाचा शिवला." सगळी मेहनत वाया.

तेवढ्यात शाळेतून रंगमंचाच्या पडद्याचं काम आलं. आत्याचे डोळे चमकले. शाळेनं मखमलीचे तागे जरा जास्तच आणले होते. तिनं त्यातला तुकडाही कापला नाही. जेवढं कापड होतं तेवढं दोन्ही भागांना जोडून टाकलं, खाली नावाला दुमड घातली आणि वर कड्या लावल्या. पडदा टांगला तेव्हा बरंचसं कापड जमिनीवर ढिगासारखं पडून राहिलं. शिपायानं डोकं खाजवलं. आत्या म्हणाली, "मोठ्या नाटकांत असंच असतं."

आता मुख्याध्यापकांविषयी सांगायला हवं. गावात एकच घर असं होतं, ज्याला टोपणनाव नव्हतं, ते त्यांचं. तीन पिढ्या चारचौघांत एकही चूक नाही. सरांना याचा भारी अभिमान. ओळख करून देताना नुसतं आडनाव सांगायचे आणि छाती पुढं काढून थांबायचे. भाषण करताना त्यांची वाक्यं संपत नसत. "म्हणजेच..." करून एक फांदी फुटायची, "पर्यायाने..." करून दुसरी. आणि सुरू केलेलं वाक्य ते कधीही अर्धवट टाकत नसत.

संमेलनात सर पडद्याच्या अगदी रेषेवर उभे राहून बोलू लागले. "आपलं गाव, म्हणजेच आपलं आडनाव, पर्यायाने आपण सर्वच..." शिपायाला वाटलं, भाषण संपलं. त्यानं दोरी ओढली. दोन्हीकडून मखमलीच्या लाटा निघाल्या आणि सरांच्या पायाशी आल्या. पडदा अडकला. "अडकलंय वाटतं," म्हणून शिपायानं दोरी हाताला गुंडाळून जोर लावला. मखमल गुडघ्यांवर चढली, मग कमरेवर. सर अर्धवट वळले, ते नेमके गुंडाळीच्याच दिशेनं. आतून आवाज येतच होता: "...पर्यायाने आपण सर्वच, म्हणजेच... अरे... एकमेकांत गुंफलेले..." मग धप्पकन आवाज झाला आणि मखमलीची एक मोठी गुंडाळी रंगमंचावर आडवी झाली. गुंडाळीतून वाक्य पूर्ण झालं: "...आहोत."

टाळ्या इतक्या पडल्या, की तेवढ्या नाटकालाही पडल्या नाहीत.

आत्या रात्रभर खुशीत होती. सकाळी दूधवाल्यानं बातमी आणली. नाव पडलं होतं. पण आम्हाला नाही. सरांच्या घराला. 'गुंडाळी'.

"आणि आम्ही?" आत्यानं पातेलं हातात धरून विचारलं.

"तुम्ही काय, वीतभरच."

आत्यानं पातेलं खाली आपटलं आणि पायात सापडेल ती चप्पल घालून निघाली. एक तिची होती, एक बाबांची. मी मागोमाग. असलं काही मी सोडत नाही. सलूनमध्ये खुर्चीत सर बसलेले, गालांवर फेस, गळ्यावर वस्तरा.

"म्हणजेच," सर फेसातून म्हणत होते, "ही माझी चूक नव्हे. पर्यायाने हे नाव..."

"नाहीच मुळी त्यांची!" आत्या दारातूनच ओरडली. "पडदा कुणी शिवला? मी! कापड कुणी कापलं नाही? मी! सर नुसते आत होते. चूक माझीच! पूर्ण माझीच! यांना कसली देताय?"

सरांनी आरशातून कृतज्ञतेनं पाहिलं. "ऐका, ऐका. बाई स्वतः म्हणताहेत."

"मुद्दाम केली का, ताई?" काकांनी विचारलं.

"मुद्दाम! माझीच म्हणते ना! त्यात शिपायाचाही वाटा नाही. हवं तर लिहून देते. माझीच, माझीच, माझीच!"

बाकावर बसलेली माणसं हसायची थांबली. उलटा कोट घराण्यातले आजोबा पुढं सरकून म्हणाले, "माझ्या उभ्या आयुष्यात आपली चूक आपली म्हणून भांडायला आलेलं माणूस बघितलं नाही. आम्ही तर अजून म्हणतो, फॅशन होती."

काकांनी वस्तरा पट्ट्यावर घासला, पुन्हा सरांच्या गळ्याला लावला आणि सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"ताईंचं घर आजपासून 'माझीच'. काय, पटतंय ना?"

"पटलं," सर मान न हलवता म्हणाले. "आणि माझं?"

"सर, ते आता पार पुलापर्यंत गेलंय. परत कसं आणू?"

आत्या तोंड उघडं टाकून उभी. "अहो दादा, पण मला ऐसपैस..."

वस्तरा चालू लागला होता. तो चालू झाला, की निकाल लागला.

सोमवारी पाटी लागली: 'माझीच टेलर्स'. आत्यानं ती तोंड वाकडं करूनच लावून घेतली. पण दुपारपर्यंत दुकानात रांग. पहिल्यांदा लोक नुसते नाव बघायला आले, मग कपडे घेऊन आले. दुसऱ्याच आठवड्यात एक मावशी रस्त्यापलीकडच्या शिंप्यानं बिघडवलेला ब्लाउज घेऊन आली आणि काउंटरवर आपटत म्हणाली, "ताई, हा बघा, काखेत किती दाटतोय!"

"हा मी शिवलेला नाही," आत्या टाचण्यांमधून म्हणाली.

मावशीनं मान वर करून पाटीकडे बोट दाखवलं.

आत्यानं वर पाहिलं. मग पलीकडच्या शिंप्याच्या दुकानाकडे पाहिलं. तो दारात उभा राहून हसत होता. तिनं एक मोठा श्वास घेतला, टाचण्या थुंकून हातात घेतल्या आणि ब्लाउज जवळ ओढला.

"उद्या संध्याकाळी न्या," ती म्हणाली. "आणि त्याला सांगा, अजून काही असेल तर पाठवून दे."