चालत्या यंत्राला फूल नाही

आमच्या घरातला कॉम्प्युटर बिघडला तो खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, आणि आईने त्याचा संबंध लगेच बाबांच्या गळ्याशी जोडला. बोलली काही नाही. ती अशा गोष्टी बोलत नाही, नुसती देव्हाऱ्याकडे बघते आणि पदर तोंडाला लावते. मला त्या बघण्याचा फार राग यायचा. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. न बोललेल्या शंकेशी भांडायचं कसं, हे मला कधीच जमलं नाही.

गोवा राज्य होऊन बरीच वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आम्ही डिचोली तालुक्यात, साखळीच्या जवळ राहत होतो. बाबा मूळचे पेडण्याचे, खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. आई सीमेपलीकडची, दोडामार्गाकडची. घरातलं बोलणं दोघांच्या गावचं मिसळून झालेलं, वाचणं मात्र मराठी. कोंकणी की मराठी म्हणून लोक एकमेकांच्या अंगावर धावून जात होते, त्या दिवसांतही बाबा म्हणायचे, "मशीन काय माका भास इचारता?" आणि विषय संपवायचे.

बाबांचा आवाज मोठा होता. जन्मभर यंत्रांच्या धडधडाटावर बोलायची सवय, त्यामुळे घरात चहाला साखर मागितली तरी शेजारी दचकायचे. मला लहानपणी त्या आवाजाची लाज वाटायची. बसमध्ये ते माझ्याशी बोलायला लागले की अख्खी बस आमच्या घरची भानगड ऐकायची.

मग त्या आवाजाला चरा पडला. सुरुवातीला आम्ही धुळीला नावं ठेवली, कारण आमच्या रस्त्याने दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे आणि जनेलाच्या काचेवर बोट फिरवलं तर बोट लाल व्हायचं. गुळण्या झाल्या, काढे झाले. शेवटी पणजीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी बाबांना बाहेर बसवलं आणि आम्हाला सांगितलं, की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, बोलणं जाईल. आईने विचारलं, "थोडा तरी ऱ्हवात मां?" डॉक्टरांनी ऑपरेशनचा कागद सहीसाठी पुढे सरकवला.

मी साखळीला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, आणि घरी हप्त्याने घेतलेला एक कॉम्प्युटर होता. मी एक माइक आणला. बाबांना मेजासमोर बसवलं आणि म्हटलं, बोला.

"काय बोलू?"

"काहीही."

"काहीही कसां बोलतत गो बाय?"

माझ्यासमोर त्यांना संकोच वाटायचा. म्हणून मी रेकॉर्डिंग सुरू करून द्यायची आणि मागच्या अंगणात निघून जायची. ते साहेबासमोर बसावं तसे ताठ बसायचे, आणि थोड्या वेळाने आतून त्यांचं बोलणं ऐकू यायला लागायचं. शब्द कळायचे नाहीत, नुसता आवाज यायचा. पावसाळाभर असं चाललं. त्यातली एकही फाईल मी ऐकली नव्हती. पुढे जन्मभर ऐकायच्याच होत्या, आताच कशाला, असं वाटायचं. दुसरं कारण म्हणजे मला भीती वाटायची.

दसरा आला तोवर बाबांच्या आवाजाची नुसती हवा उरली होती. ऑपरेशन दसऱ्यानंतर लगेच ठरलं होतं. तेव्हा त्या फाइली म्हणजे बाबांचं जेवढं बोलणं या जगात शिल्लक होतं तेवढं सगळं, आणि ते त्या एका पेटीत होतं. पुन्हा भरून घ्यायला आता गळ्यात काही राहिलं नव्हतं.

आणि ती पेटी बंद पडली. सुरू केली की काळा पडदा, मग निळा, त्यावर पांढरी अक्षरं, मग आपोआप पुन्हा काळा. मी बघत बसले. बाबा मागे येऊन उभे राहिले. कानाशी वाकून म्हणाले, "जावच्या आधी एकदा माका ऐकूक होयां." आपला आवाज जाण्याआधी त्यांना तो एकदा ऐकायचा होता. आजवर त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट असेल.

आमच्याकडे कॉम्प्युटर दुरुस्त करणं म्हणजे फॉरमॅट मारणं. साखळीच्या दुकानदाराकडे काहीही घेऊन जा, पडदा हलतो म्हणा, आवाज येत नाही म्हणा, तो म्हणणार, "फॉरमॅट मारूया, एकदम नवीन होईल." नवीन होतो खरा. सगळं पुसल्यावर काहीही नवीनच होतं. पण सिस्टीमच्या सीडीत दुसराही एक रस्ता असतो. जुनी सिस्टीम आहे तिथेच दुरुस्त करायची, बिघडलेल्या फाइलींच्या जागी चांगल्या घालायच्या, आणि माणसाच्या स्वतःच्या फाइलींना हात लावायचा नाही. हे मी मुलांना शिकवत होते. आधी फाइली दुसरीकडे उतरवून घ्या, हेही शिकवत होते. पण उतरवायला दुसरं यंत्र हवं, ते क्लासमध्ये. क्लासला कुलूप, किल्ली मालकाकडे, आणि मालक दसऱ्याला कोल्हापूरला गावी गेलेला.

खंडेनवमीला सकाळी मी सीडी घातली. जुनी सिस्टीम सापडली, दुरुस्त करू का असं यंत्राने विचारलं, मी हो म्हटलं. फाइली उतरू लागल्या. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती. मध्येच ती थांबायची, मग पुन्हा सरकायची. यूपीएस कधीच मेलेला होता, त्यामुळे वीज जाऊ नये म्हणून मी ज्या देवांना एरवी विचारत नाही त्यांनाही विचारून झालं.

आईने आतून हाक मारली, "न्हाव्न ये आधी. पारोशी पुजेक कशी बसतलस?" मी उठले. दाराशी बाबा झेंडूच्या माळा ओवत होते. त्यांना म्हटलं, "बाबा, कॉम्प्युटरला कोणी हात लावू देऊ नका. दुरुस्ती चाललीय." त्यांनी मान हलवली.

इथे बाबांच्या वर्कशॉपचा एक नियम सांगायला हवा. खंडेनवमीला तिथे सगळ्या हत्यारांची आणि मशिनींची पूजा व्हायची. जुन्या काळी एकाने चालत्या लेथला माळ घातली. माळ फिरत्या भागात अडकली आणि माळेबरोबर त्याचा हातही आत गेला. तेव्हापासून आधी मेन स्विच पाडायचा, सगळं थंड होऊ द्यायचं, मग फूल. चालत्या यंत्राला फूल वाहायचं नाही. बाबांनी हा नियम निवृत्तीपर्यंत स्वतः पाळला आणि नव्या पोरांकडून शिव्या देऊन पाळून घेतला. घरीही मिक्सर, शिलाई मशीन, आईची विळी, माझा कॉम्प्युटर, सगळं त्याच शिस्तीने पुजलं जायचं.

मी केस पुसत बाहेर आले तर घरात शांतता होती. पंखा थांबलेला, फ्रिजची घरघर थांबलेली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर काही नव्हतं. पेटीला कुंकवाचं बोट लावलेलं, वर अक्षता, आणि मॉनिटरवर झेंडूची माळ. बाबा समोर हात जोडून उभे होते.

"बाबा, ते चालू होतं!"

"म्हणान तर बंद केलंय," ते त्या हवेच्या आवाजात म्हणाले. "मशिनीक हात लावूक नाय. मेन पाडलो."

बोलले असते तर काय बोलले असते याची मला आजही भीती वाटते. माझं तोंड बघून त्यांच्या लक्षात आलं. जोडलेले हात तसेच राहिले, नजर माळेवर गेली, आणि त्यांनी विचारलं, "माझो आवाज थंयच आसा मां?"

मी मेन वर केला. पंखा फिरला, फ्रिज घरघरला. मी कॉम्प्युटरच्या बटणाकडे हात नेला तर आई मध्ये आली. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली की मगच. मी बाबांकडे बघितलं. ते आईला थांबवतील असं वाटलं होतं. पण ते आईच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

तो दिवस मला अजून नीट आठवतो, कारण त्या दिवशी काहीच घडलं नाही. कॉम्प्युटर माळ घालून मेजावर बसला होता. भिंतीवर फोटो असतात गेलेल्या माणसांचे, त्यांनाही अशीच माळ घालतात. हे मला दिसलं तसं आईलाही दिसलं असणार, कारण दुपारी तिने मॉनिटरवरची माळ ओढून पेटीवर घातली आणि मी बघते का ते बघितलं. कोणी जेवलं नाही धड. बाबा खुर्ची त्या मेजाकडे वळवून बसले होते.

दसऱ्याला उत्तरपूजा होताच मी बटण दाबलं. एकच ओळ आली, की सिस्टीमची एक फाईल सापडत नाही. दुरुस्ती अर्ध्यात मेली होती. जुनं गेलं होतं, नवं आलं नव्हतं. सीडी पुन्हा घालून बघितली तर ती आता जुनी सिस्टीम ओळखेना. पुसून नव्याने घाला, एवढंच सांगत होती.

मालक यायची वाट बघणं माझ्याच्याने झालं नाही. दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन साखळीच्या त्या दुकानात गेले. म्हटलं, मला फक्त फाइली बाहेर काढून हव्यात. दुकानदाराने मान डोलावली, फोनवर कोणाशी तरी बोलत बोलत वायर जोडली, आणि सवयीने त्याचं बोट फॉरमॅटच्या बटणाकडे गेलं. मी भिंतीवरचा त्याचा मेन स्विच पाडला. अख्खं दुकान काळोखं झालं. तो मला वेडी म्हणाला. मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पेटी उचलून घरी आले, हार्ड डिस्क सोडवली, टॉवेलात गुंडाळली आणि मालक परत आल्यावर क्लासमध्ये नेऊन दुसऱ्या यंत्राला जोडली.

डिस्क दिसली. माझ्या नावाचा फोल्डर दिसला. उघडायला गेले तर यंत्र म्हणालं, तुम्हाला परवानगी नाही. माझ्याच घरातल्या माझ्या बापाच्या आवाजाला मला परवानगी नाही! मी रडलेच. मालक बिचारा पाणी घेऊन आला. मग डोकं थंड करून तो फोल्डर पुन्हा माझ्या नावावर करून घेतला, आणि तो उघडला. फाइली होत्या. एक लावून बघितली. हेडफोनमध्ये बाबांचा खोकला आला, घसा साफ केल्याचा, जुना, भरदार. तेवढं ऐकून बंद केली आणि सगळ्या सीडींवर उतरवून घेतल्या.

पण तोवर बाबा हॉस्पिटलात दाखल होऊन त्यांचं ऑपरेशनही झालं होतं. आवाज जाण्याआधी एकदा ऐकायचा होता, तो त्यांना ऐकायला मिळाला नाही.

ते घरी आले ते गळ्याला भोक घेऊन, त्यावर पातळ फडकं बांधून. पाटीवर लिहून बोलायचे. आई पाटीवरचं त्यांचं घाईचं अक्षर वाचायला शिकली, मग न वाचताच समजू लागली. कॉम्प्युटर मी नवीन सिस्टीम घालून उभा केला, फाइली परत आत ठेवल्या, पण लावायचं नाव कोणी काढेना. मेजाजवळून जाताना आई अंग चोरून जायची.

एका दुपारी बाबांनी मला बोलावलं, कॉम्प्युटरकडे बोट केलं आणि मग आपल्या कानाकडे. मी पहिलीच फाईल लावली.

आवाज घरभर झाला. त्यात चरा होता, तरी तो किती मोठा होता हे मी विसरलेच होते. बाबा पेडण्यातल्या मोपाच्या सड्याबद्दल, तिथल्या उघड्या कातळमाळाबद्दल सांगत होते. लहानपणी तिथे गुरं चरायला नेत, आता तिथे विमानतळ होणार म्हणतात, विमानं गुरांवर उतरतील की काय, असं सांगून स्वतःच हसत होते. खुर्चीतले बाबा ऐकत होते. त्यांचे ओठ हलत होते. मग मागे ट्रकचा आवाज आला आणि स्पीकरमधले बाबा ओरडले, "दार लाव गो, धुरळो येता!"

"लायतंय, लायतंय," म्हणत आई स्वयंपाकघरातून आली. हात ओले होते, ते पदराला पुसत तिने पुढचं दार ढकललं, कडी घातली. "किती वरडतत ते," असं म्हणत ती वळली.

खुर्चीत बाबा तिच्याकडे बघत होते. तोंड मिटलेलं, गळ्यावरचं फडकं श्वासाबरोबर हलत होतं.

माझा हात माउसवर गेला, पण बाबांनी तो धरला. आई कडीला हात लावून उभीच होती.

"लावलंस?" स्पीकरमधून बाबांनी विचारलं.

"लावलंय," आई म्हणाली.