फक्त मुलांना शिकविण्याकामी

फौजदारी म्हणून पाहिलं तर ते प्रकरण अगदी किरकोळ होतं. दोन ओळींची फिर्याद, एक आरोपी, कोणाला साधा ओरखडाही नाही. पण इतक्या वर्षांच्या नोकरीतून आज मागे वळून पाहताना मोठमोठे तपास धूसर होतात आणि हेच स्वच्छ दिसतं.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी जव्हार-मोखाडा भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. एका सकाळी ग्रामसेवक लेखी फिर्याद घेऊन आले. सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावर शाळेला इमारत नव्हती, म्हणून ती एका शेतकऱ्याच्या घरातल्या पुढच्या खोलीत भरायची. त्या घरमालकाने खोलीला कुलूप ठोकलं होतं आणि ते काढायला गेलेल्या ग्रामसेवकांना धक्का दिला होता. शाळा सरकारी, ग्रामसेवक सरकारी. सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा मी अर्ध्या तासात दाखल केला आणि जीप पाठवली.

घरमालक पस्तिशीचा, हडकुळा माणूस. हवालदाराने त्याला दारातच टोमणा मारला. "काय रे, शाळेला कुलूप? तुला मास्तर व्हायचंय काय?"

तो शांतपणे म्हणाला, "मास्तर नाय साहेब. कामाठी. कागुद आलाय."

हे खरं होतं. आश्रमशाळेत पाणी भरणं, झाडलोट करणं अशा कामावर त्याची निवड झाली होती. पावसाळा संपला की घरदार घेऊन ठाण्या-मुंबईकडे मजुरीला जाणं त्यामुळे कायमचं सुटणार होतं. त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर येऊन पडला होता. गुन्हा नोंदवताना मी तो पाहिला नव्हता. गुन्ह्याचा क्रमांक पडला की पडताळणीत तो लिहावाच लागतो.

चौकशीत तो फार बोलला नाही. धक्का दिला का, तर दिला. कुलूप लावलं का, तर लावलं. का लावलं म्हटलं की एकच उत्तर, "कागुद बघा साहेब." कसला कागद ते मी विचारलं नाही. त्या भागात प्रत्येकाकडे कसला ना कसला कागद असतो, आणि ऐकून ऐकून आमचे कान किटलेले असतात. संध्याकाळी जामिनावर सोडून दिला.

दोन दिवसांनी त्या शाळेचे गुरुजी ठाण्यात आले. निमित्त सायकल हरवल्याचं सांगितलं, पण बाहेर सायकल उभी होती. आवाज खाली आणून त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. कुलूप लावलं त्या दिवशी ते रजेवर होते, म्हणजे शाळा नव्हतीच. आणि खोली दिली तेव्हाचा करारनामा शाळेच्या कपाटात होता. "माझं नाव नको साहेब," म्हणाले. "ग्रामसेवकांशी रोजचं काम पडतं."

घटनास्थळाचा पंचनामा करायचा राहिलाच होता. हवालदाराला घेऊन मी पाड्यावर गेलो आणि कपाट उघडायला लावलं. करार एका पानाचा होता. त्यात एक कलम होतं: "सदर खोली फक्त मुलांना शिकविण्याकामी वापरावयाची असून अन्य कोणत्याही कामी वापरू नये." भाडं नाममात्र होतं. हे कलम कोणी घालायला लावलं, म्हणून मालकाला विचारलं.

"म्याच," तो म्हणाला. "आमचं घर रस्त्याला पयलं. जो साहेब येल तो आमच्याकडंच बसं. त्याला जेवान, त्याला खाट. मंग मी बोललो, शाळा घाला. शाळेत कोन राहाया येनार?"

घडलं उलटं. आधी साहेबलोक निदान पाहुणे म्हणून यायचे, विचारून बसायचे. शाळा झाल्यावर ती जागाच सरकारी ठरली. गुरुजी रजेवर गेले की चावी ग्रामसेवकांकडे, आणि जो दौऱ्यावर येईल त्याचा मुक्काम तिथेच. कुलूप लावलं त्या दिवशीही ग्रामसेवक पाणीयोजना पाहायला येणाऱ्यांच्या जेवणाची सोय करायला आले होते.

पंचनामा लिहिताना माझं लक्ष फळ्याकडे गेलं. लाकडी फळा, मधोमध सुरीचे खोल वार.

"हे कशाचे?"

"कोंबडी कापली साहेब, त्याच्यावर. येकदा नाय, लय येळा."

"कोणी?"

त्याने हवालदाराकडे पाहिलं, मग जमिनीकडे. हवालदार म्हणाला, "साहेब, जरा बाहेर येता का?" बाहेर कुडाजवळ तो हळूच म्हणाला, "आपल्याच पार्टीने. शेवटच्या वेळी तुम्हीही होतात साहेब. पडवीत जेवत होतात."

मला ते जेवण आठवलं. तेव्हा रात्री येऊन पहाटेच निघालो होतो, म्हणून घर ओळखलं नव्हतं. कोंबडी चांगली झाली होती. ती कोणाची आणि कशावर कापली, हे मी विचारलं नव्हतं.

ठाण्यात परतल्यावर मी शाळेचा हजेरीपट, ग्रामपंचायतीची भेटवही आणि आमची स्टेशन डायरी शेजारी ठेवून तारखा लावल्या. अकरा महिन्यांत ती खोली तेवीस दिवस शिकवण्याशिवाय दुसऱ्या कामाला वापरली गेली होती. त्यातले नऊ दिवस आमचे. डायरीत नोंद एवढीच, "मुक्काम शाळा". नऊपैकी दोन नोंदींखाली माझी सही.

मी गुन्हा रद्द व्हावा म्हणून समरी अहवाल पाठवला आणि त्यात आमचे नऊ दिवसही लिहिले. वरिष्ठांनी विचारलं, हे लिहायची काय गरज होती? समरी न्यायालयात मंजूर व्हायला सात महिने लागले. पडताळणीचं उत्तर मात्र पंधरा दिवसांत द्यायचं होतं. मी खरं तेच लिहिलं, "गुन्हा दाखल, तपासाधीन". सोबत सविस्तर टिपण जोडलं. टिपण कोणी वाचलं नसावं. यादीतल्या पुढच्या माणसाला काम मिळालं.

हे सांगायला मी स्वतः गेलो. आजवर त्याला अरे-तुरे करत आलो होतो, त्या दिवशी ते जमेना. तो रागावला नाही. म्हणाला, "मंग आता दिवाळी झाली का जातो भिवंडीला." मी म्हटलं, करार मोडलाय, खोली परत घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. त्यावर तो म्हणाला, "पोरांनी काय मोडलं? चावी फक्त मास्तरकडं राहू द्या."

तेवढं मी करून दिलं. पुढच्या प्रत्येक नेमणुकीत शाळेत मुक्काम करायचा नाही, असा लेखी आदेशही काढला. काही ठिकाणी तो पाळला गेला. फिर्याद घेण्याआधी, ही जागा कोणी कशासाठी दिली होती, हे विचारायची सवयही मला तिथेच लागली. एका माणसाचं काम गेल्यावर लागली, एवढंच.

बदलीच्या आधी एकदा त्या पाड्यावरून गेलो. शाळा भरली होती. त्याच्या घराच्या मागच्या दाराला कुलूप होतं. मुलांनी फळा उलटा टांगला होता, आणि गुरुजी त्याच्या कोऱ्या पाठीवर बाराखडी लिहीत होते.